जोत्याची किंमत : अलिबाग-रेवदंड्याकडचं जुनं घर विकताना

घरविक्री हा इतिहासाचा विषय कधीपासून झाला, असं या व्याख्यानाचं शीर्षक वाचून कुणी विचारील. आमचं म्हणणं असं, की कोकण किनाऱ्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास वाचायचा असेल तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीतल्या खरेदीखतांइतकं चांगलं साधन दुसरं नाही. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात पैसा होता आणि कुणाला घाई होती, ते सगळं तिथं सापडतं.

या खतांत एक वाक्य हटकून येतं : मिळकत ‘आहे त्या स्थितीत’ विकत दिली असे. ओटी, पडवी, माजघर, माळा, मागे परस आणि रहाटाची विहीर असलेलं घर. कौलं गेलेली, एका बाजूचे वासे वाळवीनं खाल्लेले. विकणारा म्हणतो, आम्ही काही दुरुस्त करणार नाही, काही शाबीत करणार नाही, बघून घ्या. घेणारा म्हणतो, चालेल, रोख देतो, पण भाव आमचा. ‘रोख’ म्हणजे नोटांची पिशवी असं समजू नका. आयकर कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांनी घेता येत नाही. (लोक घेत नाहीत असं आम्ही म्हणत नाही.) रोखीचं गिऱ्हाईक म्हणजे ज्याला बँकेची गरज नाही ते. बँक म्हटली की तीस वर्षांचा सर्च, वारसांच्या सह्या, इमारतीचं वय, मूल्यांकन हे सगळं आलं, आणि जुनं घर त्या परीक्षेत सहसा नापास होतं. म्हणून अशा घराला गिऱ्हाईक मिळतं ते बहुधा रोखीचंच.

आता हा प्रश्न फार जुना आहे. इ.स.पूर्व ४४ मध्ये सिसेरोनं आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात नेमकं हेच उदाहरण आहे. एक माणूस घर विकतोय. घर रोगट आहे, लाकूड कुजलेलं आहे, खोल्याखोल्यांतून साप निघतात, आणि हे मालकाशिवाय कुणालाही माहीत नाही. त्यानं ते सांगायला हवं का? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, गप्प बसणं म्हणजे फसवणं नव्हे, घ्यायची सक्ती थोडीच केली? त्याचाच शिष्य अँटिपाटर म्हणतो, हे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही वाईट आहे. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूनं. त्याच भागात सिराक्यूजच्या पिथियसची गोष्ट आहे. या सावकारानं आपली समुद्राकाठची बाग विकताना कोळ्यांना समोर मासे धरायला बसवले. कॅनियस नावाच्या रोमन गृहस्थानं भुलून चढ्या भावानं बाग घेतली आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला विचारलं, आज कोळ्यांची सुट्टी आहे का? किनाऱ्यावरच्या जमिनीचे दलाल तेव्हाही होते, एवढं यातून कळतं.

आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ अँटिपाटरच्या बाजूचं आहे. जो दोष घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही, तो विकणाऱ्यानं सांगायचा. न सांगणं कपट समजलं जातं. ‘आहे त्या स्थितीत’ लिहिलं की सगळं माफ, हा समज चुकीचा. गळकं छप्पर दिसतंच, पण माळ्यावर दडलेला कोर्टाचा दावा दिसत नाही.

पण आम्हाला आज सांगायचं आहे ते याच्या उलट टोकाचं. सिसेरोच्या गोष्टीत विकणाऱ्याला माहीत असतं आणि घेणाऱ्याला नसतं. आपल्या किनाऱ्यावर आज पुष्कळदा घेणाऱ्याला माहीत असतं आणि विकणाऱ्याला नसतं. विकणारा असतो डोंबिवलीत, पुण्यात, कधी न्यू जर्सीत. गणपतीला दोन दिवस येणार. त्याच्या डोळ्यांपुढे पडकी भिंत आणि दरवर्षीचा शाकारणीचा खर्च. घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असतं जोतं.

जोत्याचं महत्त्व समजून घ्या. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेनं ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा नव्या घरांना जवळजवळ बंद केला. मात्र आधीपासून उभ्या असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती, जुनं चटईक्षेत्र आणि जोत्याचं क्षेत्र न ओलांडता, चालू ठेवली. २०११ च्या अधिसूचनेत दुरुस्तीबरोबर पुनर्बांधणीही आली. पुढे २०१९ साली नियम आणखी बदलले, त्या तपशिलात आज जात नाही. परिणाम असा झाला, की समुद्रालगतच्या वाडीतलं मोडकं घर हे घर म्हणून कवडीमोल असलं, तरी ‘इथं पूर्वी अधिकृत घर होतं’ याचा पुरावा म्हणून मोलाचं ठरलं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधली ती एक ओळ, तो घरनंबर, त्या पट्टीच्या जुन्या पावत्या, हाच खरा माल. खांब-तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात, चिरे भरावात जातात, ओळ तेवढी राहते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही थीसियसचं जहाज शिकवायचो : एकेक फळी बदलत गेली, तर जहाज तेच का? इथं सगळ्याच फळ्या काढल्या तरी कागदावर घर तेच.

दुसरी गोष्ट गावठाणाची. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. गावठाणातल्या घराला ती अट नाही. म्हणजे सातबारा नसलेल्या मुंबईकराला अलिबागेत पाय ठेवायला जुनं गावठाणी घर हा एक सरळ रस्ता. त्यात मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आला. आणि मधे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, अलिबाग या पट्ट्यात कौलं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. सुपारीचं झाड पुन्हा धरायला लागायचं म्हणजे काही वर्षं गेली. घर आणि वाडीचं उत्पन्न एकाच दिवशी गेलेल्या कुटुंबाला ‘आहे त्या स्थितीत, लगेच पैसे’ हे शब्द कसे ऐकू येतील, ते शहरात बसून कळायचं नाही.

म्हणून ‘पूर्वजांचं घर विकलं’ म्हणून कुणी नाक मुरडलं की आम्हाला राग येतो. ही घरं उभी कशावर होती? खोताचा वाडा कुळांच्या भातावर उभा होता. अलिबाग तालुक्यातल्या चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं शेतकऱ्यांचा संप चालला. जमिनी ओस ठेवल्या, उपास काढले. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९४८ चा कूळकायदा आला, खोती गेली, आणि वाड्याची शाकारणी ज्या खंडातून व्हायची तो खंड बंद झाला. हे फार बरं झालं. पण मग पंधरा खणांचं घर नातवानं मुंबईच्या पगारातून सांभाळावं, ही अपेक्षा कसली? वाडा पडला तो नातवाच्या आळसानं पडला असं म्हणणं म्हणजे हिशेबाची एक बाजू फाडून टाकणं आहे.

याच किनाऱ्यावरून आणखी एक समाज घरं विकून गेला. बेने इस्रायल. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरा. घाण्यावर तेल काढायचं, शनिवारी काम बंद, म्हणून शनवार तेली. किहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर ही आडनावं गावांवरून. खुद्द अलिबाग हे नाव त्यांच्यातल्याच एका अलीच्या बागांवरून पडलं असंही सांगतात. १९४८ नंतर हजारोंनी हा समाज इस्रायलला गेला. १९५२ साली तिथल्या भेदभावाला कंटाळून काही जण भांडून परत आले, त्यातले बरेच पुन्हा गेले. आता विचार करा, बोटीची तारीख ठरलेल्या माणसाला भावाची घासाघीस किती करता येते? हाही आहे त्या स्थितीतलाच सौदा. अलिबागेत इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे, माणसं बोटांवर मोजण्याइतकी. तिकडे इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे. आडनावातलं गाव मात्र कुणाला खरेदीखतात लिहून देता आलं नाही, ते बरोबर गेलं.

वारसांचं थोडक्यात सांगतो. रोखीचं गिऱ्हाईक कधी सगळ्या घराला हात घालत नाही, अडलेल्या एका भावाचा हिस्सा स्वस्तात घेतं. कायद्यानं याचा विचार १८८२ आणि १८९३ मध्येच केला आहे. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात हिस्सा घेणाऱ्या परक्याला घरात येऊन बसण्याचा हक्क नाही. त्यानं वाटपाचा दावा लावला, तर घरच्यांना तो हिस्सा न्यायालयानं ठरवलेल्या किमतीला परत घेता येतो. आणि २००५ नंतर मुलींचा हिस्सा मुलांइतकाच, तेव्हा ‘बहिणीची सही नंतर बघू’ हे विसरा.

पुन्हा कलम ५५ कडे येतो, कारण त्याचा पुढचा भाग लोक वाचत नाहीत. विकणाऱ्याचा मिळकतीतला हक्क कशा स्वरूपाचा आणि केवढा आहे, याची त्याला ठाऊक नसलेली आणि हक्काची किंमत वाढवणारी गोष्ट घेणाऱ्याला ठाऊक असेल, तर ती त्यानं विकणाऱ्याला सांगितली पाहिजे. अँटिपाटरचा न्याय, उलट दिशेनं. मात्र हे हक्काविषयी आहे, बाजारभावाविषयी नाही. जोत्याला काय भाव येईल, ते सांगायला गिऱ्हाईक बांधील नाही. ते आपणच विचारायचं : घर भरतीरेषेपासून किती लांब आहे, नमुना ८ वर किती चौरस फूट लागलंय, मिळकत पत्रिका निघाली आहे की नाही. एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होते आहे. आपल्या गावाची झाली का, ते तलाठ्याला किंवा ग्रामसेवकाला विचारा. विसार घेण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

आणि त्याच फेरीत माळ्यावर चढा. जुन्या इनामपत्रांत जमिनीबरोबर जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप असं सगळं मोजून दिलेलं असायचं. आजच्या खतात ‘तदंगभूत वस्तूंसह’ हे शब्द असतात, आणि घरात मागे राहिलेलं सगळंच या शब्दाखाली बिनबोभाट निघून जातं : रुमालात बांधलेली मोडी बाडं, कुळांचे हिशेब, गहाणखतं, लग्नाच्या याद्या. राजवाड्यांनी घरोघर फिरून असेच कागद जमवले आणि १८९८ साली पहिला खंड काढला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. बंगल्यासाठी जोतं मोकळं करणाऱ्या मजुराला त्या रुमालाचं काय होय? तो शेकोटीत घालतो. म्हणून साठेखतातच एक ओळ घाला, की घरातले कागदपत्र विक्रीत धरलेले नाहीत आणि ते ताबा देण्यापूर्वी विकणार नेतील. गिऱ्हाईक त्याला हरकत घेत नाही, त्याला कागद नकोच असतात. मोडी येत नसेल तर शिकवणारे आज पुष्कळ आहेत. वाळवी लागलेला रुमाल मात्र तिथंच झटकून उघडू नका. कापडात तसाच गुंडाळून, कोरड्या डब्यातून आणा.