चिमणी दार का उघडत नाही?

अंथरुणं पडली, दिवा मालवला, तरी पोराचा डोळा लागत नाही. गोष्टीत पाऊस कोसळतोय, कावळा ओलाचिंब होऊन दाराशी उभा आहे आणि आत चिमणी बाळाला न्हाऊ घालतेय, अंग पुसतेय, काजळ घालतेय, तीट लावतेय. "पण ती दार का उघडत नाही?" हा प्रश्न महाराष्ट्रात किती पिढ्यांनी विचारला असेल, याची मोजदाद नाही. गोष्ट किती जुनी, याचा पुरावा मात्र आहे.

तो सापडतो 'लीळाचरित्रा'त. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास सिद्ध केलेल्या या महानुभाव पंथाच्या ग्रंथात धर्मचर्चा आहे, भटकंती आहे, शिष्यांचे रुसवेफुगवे आहेत आणि स्वामींनी एका लहान मुलीला सांगितलेली ही गोष्टही आहे. तिथे चिमणीच्या जागी साळई, म्हणजे साळुंकी. बाकी सारं ओळखीचं: कावळ्याचं घर शेणाचं, तिचं मेणाचं, आणि पावसात वाहून जातं ते कावळ्याचं. पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले. बाहेरच्या अभ्यासकांना ती लिपी उलगडली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. मधली सहाशे वर्षं आज्यांनी ही गोष्ट काही पोथीतून वाचली नव्हती. ती तोंडातोंडीच चालत आली.

टिकली ती तिच्या घडणीमुळे. चिमणीची कामं म्हणजे आईचीच रोजची कामं. पोर जागं असेल तर चिमणीला आणखी एक झबलं घालायचं सुचतं. जांभई आली की दार लगेच उघडतं. सांगणारीने गोष्ट हवी तेवढी ताणावी, अशी सोय आतच करून ठेवलेली.

आणि दिवसभर राबून सांगणारीच पेंगुळली असेल तर? त्यासाठी कापूसकोंडा. या गोष्टीत गोष्टच नाही. पोर "हो" म्हणो, "नको" म्हणो की चिडून गप्प बसो, त्याचंच उत्तर त्याच्यावर उलटवून पुन्हा विचारायचं, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का?

अशाच काही तोंडी गोष्टींना कागद मिळाला तो १८६५-६६च्या हिवाळ्यात. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर होते. बरोबर मुलगी मेरी आणि तिची आया अ‍ॅना लिबराता डिसूझा. अ‍ॅनाचं घराणं मूळचं लिंगायत, गोव्याकडे येऊन ख्रिस्ती झालेलं. गोष्टी तिला आजीकडून मिळालेल्या. मुक्कामात मेरीने गळ घातली, अ‍ॅना सांगू लागली. मेरी लिहून घ्यायची आणि बरोबर उतरलंय ना, म्हणून पुन्हा तिलाच वाचून दाखवायची. १८६८मध्ये लंडनला 'ओल्ड डेक्कन डेज' छापून निघालं, २४ गोष्टींचं. अ‍ॅनाने स्वतःची आणि आजीची सांगितलेली हकिकतही त्यात आहे. पण मेरी मोठी झालेली श्रोती. मधेच उठून बसणारं, राक्षसाचा जीव पोपटात शिरला कसा म्हणून अडून राहणारं पोर त्या तंबूत नव्हतं. छापताना प्रत्येक गोष्टीची लांबी कायमची ठरून गेली.

साने गुरुजींनी ऐकणाऱ्यांना मात्र पुस्तकात जागा दिली. फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहायला घेतलं, तेव्हा प्रकरणांना 'रात्र' म्हटलं. अशा ४२ रात्री. प्रार्थना झाली की आश्रमातली मुलं जमतात, श्याम आईच्या आठवणी सांगतो आणि एका रात्रीपुरतं सांगून थांबतो. उरलेलं उद्यावर.

चिमणीच्या गोष्टीला असं एकच ठरलेलं रूप कधी मिळालं नाही. दार उघडल्यावर काही घरांत कावळ्याला ऊबदार कोपरा मिळतो, काही घरांत तापल्या तव्याचा चटका. आजोळी चटक्याची गोष्ट ऐकून आलेलं पोर घरी आईचा कावळा सुखाने झोपलेला पाहतं आणि पांघरूण भिरकावून उठून बसतं: "असं नाहीये! आजीने वेगळं सांगितलंय." मग आईला पुन्हा पावसापासून सुरुवात करावी लागते.