'एररनो' ते थ्रेड-लोकल मेमरी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा यंत्रांच्या वाढत्या वेगाभोवती फिरते. ऑपरेटिंग सिस्टीमच्या अंतरंगातील बदल त्यामानाने दुर्लक्षित राहतात. प्रस्तुत निबंधात अशाच एका बदलाचा, थ्रेड-लोकल मेमरीच्या उदयाचा, आढावा घेतला आहे.

समस्येचे मूळ :
१९७० च्या दशकात युनिक्स आकारास आली, तेव्हा एका प्रोसेसमध्ये आज्ञांचा एकच प्रवाह असे. सिस्टीमकडे केलेली मागणी फसल्यास तिचे कारण दर्शविणारा क्रमांक 'एररनो' या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवला जाई. एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड चालू लागल्यावर ही सोय धोक्याची ठरली. समजा, फाइल अस्तित्वात नसल्याने एका थ्रेडसाठी २ हा क्रमांक नोंदला गेला. तो वाचण्यापूर्वीच दुसऱ्या थ्रेडला परवानगी नाकारली जाऊन तेथे १३ लिहिला गेला. आता पहिला थ्रेड भलत्याच कारणावर उपाय करील. लायब्ररीच्या आत लॉक लावूनही हा प्रश्न सुटत नाही. कारण क्रमांक लायब्ररी लिहिते आणि तो नंतर प्रोग्राम वाचतो.

उपायांची वाटचाल :
१९९३ च्या विंडोज एनटीमध्ये शेवटच्या चुकीचा क्रमांक प्रत्येक थ्रेडच्या स्वतंत्र नोंदीत ठेवला जाई. १९९५ च्या पॉझिक्स थ्रेड-मानकाने 'एररनो' प्रत्येक थ्रेडचा स्वतंत्र केला. नाव तेच राहिले, त्यामागील जागा मात्र अनेक झाल्या. प्रोग्रामरला स्वतःच्या माहितीसाठी 'की' देण्यात आली. परंतु प्रत्येक वेळी फंक्शन बोलवावे लागे. २००३ मध्ये जीसीसी ३.३ या कंपायलरने व्हेरिएबलच्या घोषणेतच 'थ्रेड' हा शब्द लिहिण्याची सोय दिली. इंटेल धर्तीच्या प्रोसेसरवर सेगमेंट रजिस्टर चालू थ्रेडच्या क्षेत्राकडे निर्देश करते. त्यामुळे एकच आज्ञा प्रत्येक थ्रेडला त्याच्याच जागेकडे नेते. २०११ मध्ये सी भाषेच्या मानकानेही या सोयीस मान्यता दिली.

समारोप :
पॉझिक्सच्या नव्या थ्रेड-फंक्शनांनी स्वतः 'एररनो'चा आश्रय घेतला नाही. ती चुकीचा क्रमांक थेट परत करतात, ही बाब बोलकी आहे. म्हणजेच 'एररनो'पुरती तरी थ्रेड-लोकल मेमरी ही प्रामुख्याने जुन्या प्रोग्रामांशी झालेला करार पाळण्याची युक्ती होती. तिची किंमतही आहे. एकच थ्रेड क्रमाने अनेक कामे करतो, तेव्हा आधीच्या कामाची माहिती पुढच्या कामात शिल्लक राहू शकते. जुन्या रचनेस न मोडता नवी रचना उभारताना असा वारसा स्वीकारावाच लागतो, हे या इतिहासातून स्पष्ट होते.