सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवण नगरी

आपल्या जिल्ह्याला १९८१ साली आणि आपल्या धर्मप्रांताला २००५ साली ज्याचे नाव लाभले, तो सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या किनाऱ्यापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर समुद्रात उभा आहे. हा किल्ला आणि त्याच्या आधाराने वाढलेली नगरी यांचा थोडक्यात परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

उभारणी

सतराव्या शतकात कोकणच्या समुद्रावर जंजिऱ्याचा सिद्दी व युरोपीय सत्ता यांचा वचक होता. त्याला उत्तर म्हणून छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेट निवडले. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन होऊन कामास आरंभ झाला. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. त्याचे क्षेत्र ४८ एकर असून तटाचा घेर सुमारे तीन किलोमीटर आहे. भोवतालचे पाण्याखालचे खडक हेच त्याचे पहिले संरक्षण होते; वाट ठाऊक असलेल्या तांडेलाखेरीज तेथे गलबत नेणे कठीण. पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हे त्याचे सोबती किल्ले होत.

किल्ला आणि गाव

शिबंदीला धान्य, आरमाराला दोरखंड, शिडे आणि समुद्र जाणणारी माणसे हवी असतात. किनाऱ्यावरील गाबीत बांधवांनी मराठा आरमारात चाकरी केली आणि बंदराला महत्त्व आले. इंग्रजांनी १७६५ साली किल्ला जिंकून त्याचे नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवले. पुढे पैसे घेऊन तो कोल्हापूरकरांना परत केला. १८१२ साली तो कायमचा इंग्रजांकडे गेला आणि आरमारी ठाणे म्हणून त्याचे दिवस संपले. गाव मात्र ओस पडले नाही. ज्या हातांनी गलबते हाकली, त्यांच्या वंशजांनी रापण ओढली. किल्ल्याच्या आतही मोजकी कुटुंबे राहिली. ऐन पावसाळ्यात समुद्र खवळला, की होड्यांची ये-जा थांबते आणि किनाऱ्याशी त्यांचा संबंध तुटतो.

आजची जबाबदारी

१९८७ साली किल्ल्याभोवतालचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा परिसर सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला, तेव्हा मच्छीमारांना आपल्या पोटापाण्याची चिंता वाटली. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन येथे साजरा झाला व राजकोटावर महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तो पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. २०२५ साली तेथे नवा उभारण्यात आला. साडेतीनशे पावसाळे सोसलेला तट समोर असताना नवे काम नऊ महिनेही टिकू नये, हा धडा विसरण्याजोगा नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. त्यांत सिंधुदुर्ग आहे. या मानाबरोबर पर्यटक वाढतील आणि नियमही येतील. तेव्हा किल्ल्यातील रहिवासी, होडीवाले आणि मच्छीमार यांना विचारात घेऊनच जतन व्हावे, असे आम्हांस वाटते. किल्ल्याने गाव वाढविले हे खरे. परंतु गेली दोनशे वर्षे किल्ल्याला जाग ठेवली ती या माणसांनी. किल्ला पाहावयास जाणाऱ्या वाचकांनी तेथे कचरा न टाकता व तटावर नावे न कोरता परतावे, एवढी विनंती.