जाड तेल, पातळ तेल : एका आकड्याचा इतिहास

जामनेरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि गॅरेजवर एक सल्ला हमखास मिळतो : "भाऊ, आपल्याकडचं ऊन पाहा, जाडच ऑइल टाका." हा सल्ला आला कुठून आणि आज तो किती खरा, एवढंच आज पाहू.

वंगण आपल्याला नवं नाही. बैलगाडीच्या आसाला एरंडेल आपल्याकडे घालतच असत. इंग्लंडात चार्ल्स वेकफिल्ड यांच्या कंपनीनं १९०९ साली एरंडेल मिसळलेलं इंजिन ऑइल काढलं आणि नाव ठेवलं कॅस्ट्रॉल. कॅस्टर म्हणजे एरंडच. मात्र तेल किती जाड हे सांगणारं सर्वमान्य माप हवं होतं. अमेरिकेतल्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेनं ते १९११ साली दिलं. आकडा मोठा, तेल जाड.

पण तेल गारठलं की घट्ट होतं, तापलं की पातळ. म्हणून थंड देशांत हिवाळ्याचं तेल वेगळं, उन्हाळ्याचं वेगळं. १९५० च्या दशकात दोन्ही ऋतूंना चालणारी मल्टिग्रेड तेलं बाजारात आली. २०डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत सहज वाहतं. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातली, म्हणजे १०० अंशांवरची जाडी सांगतो.

आता आपला सल्ला. अॅम्बेसेडर काय, कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी काय, त्या इंजिनांत भागांमधल्या फटी मोठ्या, आणि झिजून त्या आणखी वाढायच्या. पातळ तेल वर चढून जळायचं, निळसर धूर निघायचा. तिथं जाड तेल बरोबरच होतं. आपले मिस्त्री चुकत नव्हते.

आजच्या इंजिनात फटी बारीक आहेत. कित्येक नव्या पेट्रोल गाड्यांना कंपनीच ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगते. आणि बाहेरच्या उन्हाचं म्हणाल, तर थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून इंजिनचं तापमान ठरलेल्या मर्यादेत ठेवतात, गाडी जामनेरात असो की जर्मनीत. अशा इंजिनात जास्त जाड तेल घातलं, तर सकाळी गाडी सुरू करताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचतं. झीज तिथंच होते, आणि पेट्रोलही जास्त लागतं.

मग करायचं काय? गाडीची पुस्तिका उघडा. काहींत तापमानानुसार तक्ता असतो. त्यात आपल्या उन्हासाठी जाड तेल दिलं असेल, तर खुशाल घाला. नसेल, तर वडिलांच्या पद्मिनीचा नियम नव्या गाडीला लावू नका.