टेबलाखालचा माणूस

नाटकातला सूत्रधार म्हणजे मुळात कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्या धरणारा गृहस्थ, असे काही विद्वानांचे मत आहे. मला ते एकदम पटते. नाचणारा सर्वांना दिसतो, नाचवणारा पडद्यामागे असतो. आमच्या बँकेतही तसेच आहे. नाचवणारे हेड ऑफिसात बसतात.

बाहुल्यांशी मराठी माणसाचे नाते जुने. १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. पुढे यशवंत पाध्यांनी अर्धवटरावांना बोलते केले आणि चिरंजीव रामदास पाध्यांनी तो संसार वाढवला. त्याच रामदासजींच्या हातून तात्या विंचू जन्मला. महेश कोठाऱ्यांचा 'झपाटलेला' १९९३ साली आला, तेव्हा मी लातूरला शाळेत होतो. बहिणीची बाहुली लोखंडी कपाटात कोंडायची आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपायचे, असा माझा काही दिवस नेम होता. "अरे, बाहुलं ते, भ्यायचं काय त्यात?" असे वडील म्हणत, पण रात्री पाण्याला उठले की स्वतः खाकरत खाकरत स्वयंपाकघरात जात.

या भीतीचे कारण साधे आहे. तात्या विंचू खोटा होता, पण हजर होता! लक्ष्मीकांत बेर्डे ज्याच्याकडे बघून टरकत, ते समोर खरोखर उभे होते. त्याची सावली पडत होती. त्याच वर्षी तिकडे स्पीलबर्गने 'ज्युरासिक पार्क'मध्ये कॉम्प्युटरचे डायनोसॉर पळवले. पण जवळून दाखवायला मात्र यांत्रिक धूड बांधूनच घेतले. कॉम्प्युटर हाताशी असलेल्या माणसालाही बाहुले सोडवेना.

आपल्या दूरदर्शनवर १९९८ साली केतन मेहतांचा 'कॅप्टन व्योम' अवतरला. गोष्ट २१२३ सालची, नायक मिलिंद सोमण, आणि याने कॉम्प्युटरची. त्या काळी मालिकेच्या बेताच्या खर्चात अंतराळ उभे करायचे म्हणजे छातीच हवी. ती सोमणांकडे होतीच. पण ती याने काही केल्या वजन धरीनात. आमचे चित्र तर अँटेनावर कावळा बसला तरी हलायचे. यान हलले की कावळा, हा वाद मालिका संपेपर्यंत चालला.

दोन्हींचा मेळ पुढल्याच वर्षी ऑस्ट्रेलियात चित्रित झालेल्या 'फारस्केप' या मालिकेने घातला. अंतराळातले मोठाले देखावे कॉम्प्युटरकडे. पण यानातला रायजेल नावाचा ठेंगू, हावरट राजा आणि चार हातांचा पायलट या जिम हेन्सन कंपनीच्या चक्क बाहुल्या. अशा बाहुलीला एक माणूस पुरत नाही. एकाने डोके सांभाळायचे, दुसऱ्याने हात, तिसऱ्याने रिमोटवर डोळे आणि भुवया. ही मंडळी टेबलाखाली नाहीतर उंचावलेल्या जमिनीखाली मान मोडून बसलेली. पायऱ्यांवर पाय पसरून झोपा काढणाऱ्या पात्रालाही तीन माणसांचा स्टाफ! आमच्या शाखेला तो कधी मंजूर झाला नाही.

मग कॉम्प्युटरचे काम काय? पुसायचे. बाहुलीची काठी, दोरी, चुकून दिसलेले कोपर. कॅमेरा तिथेच ठेवून रिकाम्या जागेचे चित्र आधी घेऊन ठेवतात आणि काठी पुसली की त्या जागी मागची भिंत चिकटवतात. २०१९ च्या 'मँडलोरियन'मधले ते मोठ्या कानांचे हिरवे लेकरू असेच बरेचसे बाहुले आहे. चित्रीकरणात तंत्रज्ञ म्हणाले, बाहुले बाजूला काढून एकदा रिकामे चित्र घेऊ; न जमल्यास कॉम्प्युटरचे पोर घालता येईल. त्यावर मालिकेत काम करणारे जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेरझोग उखडले आणि त्यांनी सगळ्यांना भित्रे ठरवले. परक्या खात्यावर असा आवाज चढवणारा माणूस मला फार आवडतो.

तरी माझे मन त्या काठीपाशी अडते. काठीबरोबर ती धरणारा हातही पुसला जातो. कॉम्प्युटर आमच्या नोकऱ्या खाणार, अशी बँकांत पूर्वी मोठी ओरड होती. आता नांदेडच्या काउंटरवर मी पासबुक छापून देतो, तर समोरचे मामा माझ्या देखत त्या मशीनला म्हणतात, "लई हुशार हाय बघा!" ती कोंबडी वर्षानुवर्षे कागद गिळते आणि मी तो तिच्या घशातून काढतो, हे मामांना दिसत नाही. नोकरी राहिली, माणूस तेवढा चित्रातून गेला.

हात दिसला की जादू मोडते, असे म्हणणाऱ्यांनी अर्धवटरावांचा खेळ आठवावा. रामदासजी शेजारीच असतात. आवाज त्यांचा, हात त्यांचा, हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असते. तरी सगळे बघतात अर्धवटरावांकडे, आणि शेवटी टाळ्या दोघांना मिळतात. कॉम्प्युटरने काठी खुशाल पुसावी. पण मालिकेच्या शेवटी नावे सरकू लागली की मी रिमोट बायकोच्या हाती देत नाही. टेबलाखालून कोण कोण बाहेर येते, ते मला बघायचे असते. तोवर आमटी गार होते, ती निराळी.