ताणलेल्या तारांचें चाक

बैलगाडीचें चाक आणि जुन्या मोटारसायकलीचें चाक हीं दिसण्यांत एकाच कुळांतलीं वाटतात. दोहोंनाही मध्यें तुंबा, भोंवतीं वर्तुळ आणि त्या दोहोंना सांधणारे आरे असतात. परंतु थोडा विचार केला म्हणजे हें साम्य वरवरचें असल्याचें ध्यानांत येतें. लांकडी आरा हा खांबासारखा असतो. गाडीचा भार कण्यावरून तुंब्यावर येतो, आणि तुंब्याखालीं त्या क्षणीं जो आरा उभा असेल तो दाबला जाऊन तो भार जमिनीपर्यंत पोंचवितो. पेन्सिलीहून बारीक तार असा दाब मुळींच सोसूं शकत नाहीं. ती तत्काळ वांकते. तरीही अशा ३६ किंवा ४० तारांच्या चाकांवर दोन माणसांसह जड यंत्र खांचखळग्यांतून धांवतें. हें कसें साधलें, याचा इतिहास आपल्याकडे फारसा परिचित नाहीं. तो जाणून घेण्याची आज विशेष निकड आहे. कारण त्या इतिहासाचीं मुख्य साधनें म्हणजे जुनीं चाकेंच होत, आणि तीं सुटीं करण्याचें काम जागोजागीं चाललें आहे.

दाबाच्या जागीं ताण आणावा, ही कल्पना प्रथम ज्यांना सुचली त्यांत इंग्लंडमधील सर जॉर्ज केली यांचें नांव अग्रभागीं येतें. इ. स. १८०८ मध्यें उडत्या यंत्राचा विचार करीत असतां त्यांना अतिशय हलक्या चाकांची गरज भासली, व आऱ्यांऐवजीं ताणलेल्या दोऱ्या योजाव्यात असें टांचण त्यांनीं करून ठेविलें. यांतील मर्म असें: सर्व तारा आधींच भरपूर ताणून ठेवल्या असतां भार आल्यावर खालच्या तारेवर दाब येत नाहीं, तिचा ताण फक्त कांहींसा कमी होतो. जोंवर तो अगदीं नाहींसा होत नाहीं, तोंवर तार वांकण्याचें कारणच उरत नाहीं. जें काम लांकूड आपल्या जाडीनें करतें, तें तार आपल्या ताणानें करते.

ही कल्पना रस्त्यावर यावयास साठ वर्षें लागलीं. पॅरिसमधील यूजेन मेयर यांनीं १८६९ सालीं ताणलेल्या तारांच्या चाकाचें पेटंट घेतलें. त्याच सुमारास कॉव्हेंट्री येथील शिवणयंत्रांच्या एका कारखान्यानें पॅरिसच्या मागणीवरून दुचाक्या करावयास घेतल्या होत्या. १८७० सालीं फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध पेटल्यावर फ्रान्समधील हा धंदा मंदावला आणि कॉव्हेंट्रीचें महत्त्व वाढलें. त्याच वर्षीं जेम्स स्टार्ली व विल्यम हिलमन यांनीं आपल्या ‘एरियल’ सायकलीचें पेटंट मिळविलें. तिच्या चाकांतील सर्व तारा एका तरफेच्या योगानें एकदम ताणतां येत असत. सायकल-उद्योगाचे जनक म्हणून स्टार्ली यांचा पुढें मोठा गौरव झाला व १८८४ सालीं कॉव्हेंट्रींत त्यांचें स्मारकही उभें राहिलें. परंतु तारेच्या चाकाचें सगळें श्रेय त्यांना एकट्याला देणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांचें खरें स्वतंत्र कर्तृत्व चार वर्षांनंतरचें आहे.

आरंभींच्या चाकांत तारा तुंब्यापासून सरळ बाहेर, सूर्यकिरणांप्रमाणें जात. भार तोलण्यास ही रचना पुरेशी असते. परंतु तुंबा फिरवून चाक चालवावयाचें म्हटलें कीं तिची उणीव दिसते. सरळ तारांना पिळा सोसतां येत नाहीं. तुंबा आधीं थोडा पुढें फिरतो, तारा तिरप्या होतात आणि मगच वर्तुळाला ओढ बसते. १८७४ सालीं स्टार्ली यांनीं तारा तुंब्याच्या कडेला स्पर्श करून तिरप्या निघतील अशी मांडणी केली. निम्म्या तारा पुढच्या अंगास व निम्म्या मागच्या अंगास झुकलेल्या, एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या. चाक चालवितांना एका गटाचा ताण वाढतो व दुसऱ्याचा घटतो. ब्रेक दाबला कीं याच्या उलट होतें. आज कोठल्याही साध्या सायकलीच्या चाकांत तारांची जी जाळी दिसते, तिचें मूळ येथें आहे.

नवल असें कीं, १८८५ सालीं डाइमलर व मायबाख यांनीं एंजिनाची जी पहिली दुचाकी केली तिला मात्र लोखंडी धावेचीं लांकडी चाकें होतीं. पुढें मोटारसायकली सायकलींच्याच कारखान्यांतून निघूं लागल्या व तारेचें चाक त्यांना वारशानें मिळालें. रेडिच येथील एन्फील्ड या उद्योगाची पूर्वपीठिका तर सुयांच्या कारखान्याची आहे. तेथून सायकली व १९०१ पासून मोटारसायकली हा प्रवास झाला. प्रारंभीं पुष्कळ यंत्रांत चामडी पट्टा मागच्या चाकाला जोडलेल्या एका मोठ्या कडीला फिरवीत असे, व ब्रेकचा ठोकळाही बहुधा त्या कडीवरच दाबला जाई. पुढें सांखळी आली व १९२० नंतरच्या दशकांत ड्रमचे ब्रेक रूढ झाले. मग एंजिनाची ओढ व ब्रेकचा झटका हीं दोन्ही तुंब्यावरच येऊं लागलीं आणि तेथून वर्तुळाकडे जावयास तारांखेरीज वाट उरली नाहीं. स्टार्ली यांच्या तिरप्या तारांची खरी कसोटी येथें लागली.

ड्रममुळें आणखी एक अडचण उत्पन्न झाली. पुष्कळ जुन्या मोटारसायकलींत तो तुंब्याच्या एकाच अंगास असतो. रिम मात्र पुढचें व मागचें चाक एका रेषेंत धांवावें अशा बेतानेंच बसली पाहिजे. त्यामुळें रिमचा मध्य व तुंब्याचा मध्य एकमेकांसमोर येत नाहींत. ड्रमकडील तारा आंखूड व दुसऱ्या बाजूच्या लांब होतात आणि त्यांचा कलही निराळा असतो. म्हणून रिमवरील छिद्रें कारखान्यांतच तारेच्या दिशेनुसार तिरपीं पाडीत: डावीं व उजवीं, आणि त्यांतही पुढें व मागें झुकलेलीं. रिम उलटी बसविली तरी तारा कशाबशा भरतां येतात. पण निपल वांकडें बसतें, तार तेथेंच दुमडते व कांहीं काळानें तेथेंच तुटते. रिमचीं हीं छिद्रें म्हणजे त्या चाकाचा लेखच होय. तो वाचतां आला पाहिजे.

हा लेख कारागिरांना वाचतां येत होता, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. पिपर्ड व फ्रान्सिस यांनीं तारांच्या चाकांतील ताणांचें गणित प्रयोगांसह प्रसिद्ध केलें तें १९३१ सालीं. तुंबा वरच्या तारांना लोंबकळतो, या रूढ समजुतीचें सविस्तर खंडन जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकन इंजिनिअरनें केलें तें तर १९८१ सालीं. भार येतांच बदल होतो तो मुख्यतः जमिनीलगतच्या थोड्या तारांच्या ताणांत, असें त्यानें दाखविलें. तोंवर कारागीर तारेवर टिचकी मारून, तिचा सूर ऐकून चाकें बांधीत होते व आमच्या सायकलींच्या दुकानांत चाकाचा ‘आउट’ काढीत होते. हात पुढें गेला व शास्त्र मागून आलें, याचें याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सांपडेल. आम्ही पुस्तकी शिक्षण घेतलेल्यांनीं तें विसरूं नये.

१९७० नंतरच्या दशकांत ओतीव चाकें आलीं आणि हें ज्ञान आंकसूं लागलें. एन्फील्डचें इंग्लंडमधील उत्पादन १९७० सालीं थांबलें. मद्रास येथें १९५५ पासून सुरू झालेलें तेवढें पुढें चाललें. आज जुन्या यंत्रांचा जीर्णोद्धार करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु रिमला मुलामा देण्याच्या घाईंत सगळ्या तारा कातरून टाकण्याची रीत त्यांच्यांत रूढ आहे. ताम्रपट वितळवून भांडें घडविण्याचाच हा प्रकार होय. तार कापण्यापूर्वीं ड्रमच्या कडेवर सरळ पट्टी ठेवून रिमपर्यंतचें अंतर मोजावें, कोणती तार कोणत्या छिद्रांत जाते व कोणती कोणीवरून ओलांडते याचें टांचण करावें, आणि प्रत्येक जातीची एकेक जुनी तार जपून ठेवावी. एवढ्यानें चाक पुनः नीट बांधलें जाईल, स्वाराचा जीव सुरक्षित राहील, आणि ज्यानें तें प्रथम बांधलें त्याच्या हातची खूणही शाबूत राहील.