ग्रुनफेल्डच्या ६७ वर्षे आधी

१/ सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हटले जाते. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी तिथे खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या. कुंडलसारख्या गावातून सांगलीच्या स्पर्धेला जाणारे मूल आज ‘ग्रुनफेल्ड बचाव’ शिकते. नाव व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डचे, साल १९२२. परंतु या मांडणीचा सर्वांत जुना ज्ञात डाव १८५५ चा, कलकत्त्यातला आहे.

२/ पांढरी मोहरी जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरकडे होती, काळी महेशचंद्र बंद्योपाध्याय यांच्याकडे. महेशचंद्र मुफसलातले ब्राह्मण. देशी पद्धतीच्या खेळात मुरलेले. युरोपीय नियम त्यांनी नंतर आत्मसात केले.

३/ देशी पद्धत म्हणजे काय? आपल्याकडेही गावोगावी हाच खेळ चाले. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके. किल्लेकोट नसे, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची चाल मिळे. अशा संथ खेळात मध्यावर तातडीने प्यादी रेटणे शक्य नसते. म्हणून बाजूचे प्यादे एक घर सरकवून उंटाला लांब कर्णावर बसवणे ही सवय मुरते. महेशचंद्रांच्या प्रारंभाचे मूळ याच सवयीत शोधले जाते.

४/ आता डाव. पांढऱ्याने वजिराचे आणि त्याच्या उंटाचे प्यादे दोन-दोन घरे पुढे नेले. काळ्याने घोडा काढला, जी६ खेळून उंटाची वाट मोकळी केली आणि तिसऱ्या चालीला डी५ खेळून मध्याला आव्हान दिले. पुढे घोड्यांची मारामारी, मग आठव्या चालीला सी५. पांढऱ्याचा भक्कम मध्य उभा राहू द्यायचा आणि दुरून पोखरायचा, हेच ग्रुनफेल्डचे तत्त्व.

५/ महेशचंद्र तो डाव हरले. अठराव्या चालीला कॉक्रेनचा घोडा एफ७ वर घुसला. महेशचंद्रांनी घोड्याने वजिरावर हल्ला केला. पण पुढे तीन चालींत मात होती. घोड्याचा दुहेरी शह, वजिराचे बलिदान, आणि स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्याची मात.

६/ पराभवाचे कारण मात्र प्रारंभात नव्हते. चूक मध्यखेळातली होती. १९२० च्या दशकात युरोपातील नव्या विचाराच्या खेळाडूंनी याच कल्पना उचलून धरल्या आणि ‘इंडियन’ हे नाव या बचावांच्या कुळाला रूढ झाले. देशाचे नाव उरले, खेळाडूचे पुसले गेले. सांगलीच्या पटावर जी६ खेळला जातो, तेव्हा ‘ग्रुनफेल्ड’सोबत महेशचंद्रांचेही नाव घेतले जावे.